उसण नव्हती ती

पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीचा एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "बाई, ही उसण नाही. स्तनातला कॅन्सरच मणक्यात आलाय." मला आधी रागच आला. म्हटलं, "अहो, ती गाठ तर तुम्हीच कापली की!"

"गाठ कापली. पण त्याआधीच तिच्यातल्या काही पेशी रक्ताबरोबर निघून गेल्या होत्या. त्या हाडात जाऊन बसल्या, वाढल्या आणि त्यांनी हाड पोखरलं. याला सेकंडरी म्हणतात."

आमचे हे दौंडला रेल्वेत, म्हणून सेकंड म्हणजे फर्स्टच्या खालचा डबा, एवढंच मला ठाऊक. सेकंडरी म्हटल्यावर मला वाटलं, पहिल्यापेक्षा हलकं काहीतरी असेल. कसलं हलकं! मणका आणखी दबला तर पाय कायमचे जातील, असं ते म्हणाले. मरणापेक्षा अंथरुणाला खिळायचं भय मला जास्त वाटलं. माझ्यासारखी तोंडाळ बाई, पाण्याच्या तांब्यासाठी दुसऱ्याची वाट बघत पडणार!

बायांनो, तुमच्यापैकी कुणाची अशी गाठ काढली असेल, तर हे नीट ऐका. उसण चार दिवसांत उतरते. माझं दुखणं महिना झाला तरी वाढतच होतं. आडवं पडलं तरी थांबेना, कूस बदलली की कळ. तरी मी उसणच म्हणत बसले.

आणि उसण म्हटल्यावर शिरूरला जायचं, हे आमच्या घरात ठरलेलं. तिथं माझ्या थोरल्या नणंदबाई, मार्था वन्सं. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणतात. आमच्या ख्रिस्ती देवळात पाळकसाहेब याला खुळचटपणा म्हणायचे. मग त्यांचीच कंबर धरली, तेव्हा मागल्या दारानं वन्संकडं आले होते.

मी एस्टीनं शिरूरला गेले, पालथी पडले, आणि वन्संनी टाच दाबली. मी किंचाळले. त्या घाबरून मागं सरल्या. माझं ऑपरेशन कॅन्सरचं होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आम्ही नुसतं 'गाठ' म्हणायचो. छातीचं नाव बायका-बायकांतसुद्धा काढायची लाज.

मग कुठं मी पुणं गाठलं. तिथं पाठीला डीप एक्स-रे दिले, म्हणजे किरणांचा शेक. तो दिसत नाही, भाजत नाही, पण अन्नाचा वासही नकोसा होतो. ऑपरेशन करून पोटातले बीजकोश, म्हणजे अंडाशय, काढले. त्यांच्या रसावर हा आजार पोसतो म्हणे. पाठीला पट्ट्याचं जाकीट आलं. हळूहळू कळा कमी झाल्या.

मी दौंडला घरी आले, तशा वन्सं आल्या. पण खाटेजवळ येईनात. उंबऱ्याशी पाय लुगड्यात झाकून बसल्या.

"माझ्या पायानं झालं का गं हे?"

"न्हाई वन्सं. मी इचारलं डाक्टरला. हाड आधीच पोखरलं व्हतं."

"तवा मोडलं असतं तर?"

"मोडलं न्हाई ना? मग?"

त्यांना पटलं नाही. सगळ्यांना त्या पायांचं कौतुक, आणि त्या मात्र पाय झाकून रडत होत्या. मला फार वाईट वाटलं.

इतके दिवस पडून काढल्यावर उभं राहायचा दिवस आला. नर्सबाईंनी दाखवलं होतं, समोरच्यानं आपली पावलं रुग्णाच्या पावलांना टेकवायची, म्हणजे पाय घसरत नाहीत. आमचे हे ड्युटीवर. घरात वन्संच.

"वन्सं, पाय द्या."

"नगं बाई, माझं पाय नगं!"

"मी पडले मंग तुमालाच उचलाया लागंल," मी डाफरले.

त्या रडत रडतच पुढं आल्या. लुगडं वर खोचलं आणि आपली पावलं माझ्या पावलांना भिडवली. मी त्यांचे खांदे धरले. आणि उभी राहिले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आजार गेलेला नाही, दबलाय. केव्हा उठेल, देवाला ठाऊक. तोवर मी काठी धरून देवळापर्यंत जाते. ओळखीची बाई दिसली की थांबवते आणि स्तन, कॅन्सर, मणका, सगळं नाव घेऊन सांगते. वन्सं आता आमच्याकडंच राहतात, त्या शेजारी असतात. लाजून लाल होतात, पण हात सोडत नाहीत.

परवा पाळकसाहेबांची कंबर पुन्हा धरली. वन्संनी त्यांना दारातच विचारलं, "आधी डाक्टरला दावली का?"