बैठकीतून उठलेले आप्पा

"बसा, आलोच," असं म्हणून गुडघ्यावर हात टेकत उठणारे आमचे शेजारी आप्पा तुम्हीही कुठल्या ना कुठल्या बैठकीत पाहिले असतील. सांगलीच्या हळदपेठेत त्यांची अडत. भावकीतली भांडणं मिटवावीत, सोयरिकी जुळवाव्यात, तर त्यांनीच. सत्तरीनंतर मात्र ते दाराजवळची जागा धरू लागले. चहा आला की म्हणायचे, "नगं, पित्त हाय."

पित्त कसलं! घटकेघटकेला लघवीला जावं लागे आणि जाऊनही मोकळं वाटत नसे. भिंतीला भिंत लागून घर, मला कळायचंच. डॉक्टरचं नाव काढलं की खेकसायचे, "गप रं. म्हातारपन हाय त्ये." मनात कॅन्सरची भीती, तोंडावर ऐट.

नातीची बोलणी कवठे महांकाळला होती. मुलगा तिच्या मनात भरला होता. मीही सोबत गेलो होतो. मुलाकडचे थोरले बोलायला लागले आणि आप्पा उठले. आले, बसले, पुन्हा उठले. ऐन बोलण्यात मुलीचा आजा उठून जातो म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ते परत आले तोवर सुपारी न फोडताच ताट आत गेलं होतं.

"आवं, घर पटंना तर तोंडानं सांगायचं," मुलाचा चुलता म्हणाला. आप्पा चपला घालू लागले.

वाटेत मी म्हणालो, "फोन करून खरं सांगतो."

"आजा मुतायला उठत हुता म्हनून सांगनार? त्यापरीस गर्विष्ठ म्हनू देत."

पुढे एका सकाळी लघवी पार तुंबली. दवाखान्यात नळी घालावी लागली. "प्रोस्टेट वाढलंय," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर नाही. वयाबरोबर पुष्कळ पुरुषांचं वाढतं. लवकर आला असता तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं."

नात पलंगापाशीच उभी होती. "आजोबा, ह्यापायी? मीच सांगितलं असतं की त्यास्नी!"

आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्यांचा भयंकर राग आला. आप्पा आता नाहीत, तरी तो गेलेला नाही. ह्यांची ऐट राहिली आणि पोरीचा संसार मांडण्याआधीच मोडला.

ऑपरेशन झालं, आप्पा खडखडीत बरे झाले. वर्षभरानं नातीची दुसरीकडे बोलणी ठरली. आप्पा इस्त्रीचा सदरा, टोपी घालून सगळ्यांच्या आधी तयार. गाडीत बसायला निघाले तशी नात आडवी आली.

"तुमी ऱ्हावा घरी, आजोबा."

गाडी गेली. आप्पा तसेच, टोपीसकट, ओसरीवर बसले. ती परत येईपर्यंत ते एकदाही उठले नाहीत.