राव मामांच्या गाडीतला आवाज

हा किस्सा बाहेर कुठे सांगायचा नाही, अशी बायकोची सक्त ताकीद आहे. पण तुम्ही घरचेच, आणि चहा अजून अर्धा आहे. तर ऐका माझी फजिती. खुशाल हसा, मी खाली मान घालून बसतो.

चेन्नईबाहेर एका मोटारींच्या कारखान्यात मी नोकरीला आहे. काम काय? गाडीतले नको ते आवाज शोधायचे. कुठे दार कुरकुरतं, कुठे डॅशबोर्ड खडखडतो, ते हुडकायचं. त्यामुळे कुणाच्याही गाडीत बसलो की माझे कान टवकारतात. लग्न ठरलं तेव्हा सासरेबुवा मला न्यायला आले होते. नमस्काराच्या आधी मी म्हणालो, "मागचं डावं दार वाजतंय." आता बोला.

आम्ही तांबरमला राव मामांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मामा तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले. पिढ्यान् पिढ्या इकडेच गेल्या, तरी घरात मराठीच, आपल्या कानाला जरा जुन्या वळणाची. त्यांच्या मुलीचं, पद्मिनीचं, नुकतंच लग्न झालं. जावई प्रसन्ना सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अगदी गुणी मुलगा. दिवाळसण जवळ आला तसा त्यानं सासऱ्यांच्या जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवून दिला. तोही स्वतःच्या हातानं, एकेक वायर स्वतः ओढून. मामा इतके खूश, की गल्लीतल्या प्रत्येकाला गाडीत बसवून त्यांनी भजन ऐकवलं आणि वर "जावयानं केलं" हेही ऐकवलं.

एका सकाळी ते मला स्टेशनवर सोडायला निघाले. "तुमचंही एक गाणं लावा," म्हणाले.

मी माझा फोन वायरीनं स्टिरिओला जोडला. फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून चार्जरही गाडीत खुपसला. गाणं सुरू झालं, आणि त्याच्या मागे एक बारीक ऊंऽऽ. मामांनी ॲक्सिलरेटर दाबला की ऊं चढायचा, पाय काढला की उतरायचा.

आता माणसानं गप्प बसावं की नाही?

"मामा, आवाज येतोय."

"गाण्याचा ना?"

"गाण्याच्या मागे. अर्थिंग नीट झालेलं नाही."

"मज तर कधी ऐकू आला नाही."

"तुमच्या कानाला सवय नाही मामा. माझं कामच आहे ते. नवशिक्याच्या हातून होतं असं."

मामांचा चेहरा उतरला. तो मला दिसला, तरी उतरताना मी अर्थिंगबद्दल आणखी चार वाक्यं बोललोच.

पुढे काय झालं असेल? थोड्याच दिवसांत मामा जिन्यात भेटून म्हणाले, "आता मजही ऐकू येतो हां." भजनं बंद झाली. जावयाला फोन गेला. रविवारी बिचारा आला, सगळं उकललं, पुन्हा जोडलं. मग तपासायला तज्ज्ञ म्हणून मला खाली बोलावलं. मी ऐटीत बसलो. आवाज मोजायचं माझं ॲप सुरू केलं, ते बॅटरी फार खातं म्हणून चार्जर लावला, फोन स्टिरिओला जोडला. ऊंऽऽ.

"आहे अजून," मी म्हणालो.

"सर, मी एकटा बसलो होतो तेव्हा नव्हता," प्रसन्ना हळूच म्हणाला.

"ऐकायचीही एक पद्धत असते," मी म्हणालो. हो, मी असं म्हणालो. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मग दिवाळी उजाडली. जावयाचा पहिला सण. अंघोळी झालेल्या, नातेवाईक जमलेले, आत केळीची पानं मांडलेली. आणि ज्याला ओवाळून पहिल्या पानावर बसवायचं, तो नव्या कोऱ्या वेष्टीत, म्हणजे इकडच्या पांढऱ्या धोतरात, डॅशबोर्डखाली उताणा पडलेला. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "हाती घेतलेलं काम पुरं करावं माणसानं." पद्मिनी आत निघून गेली. तिचे डोळे भरलेले मी पाहिले. मी मात्र शेजारच्या सीटवर फोन घेऊन बसलो होतो.

"सर," खालून आवाज आला, "एकदा चार्जर काढता?"

काढला. ऊं बंद.

लावला. ऊंऽऽ.

काढला. शांत.

प्रसन्ना उठून बसला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. त्यानं वेष्टीवरचा काळा डाग चोळला, माझ्याकडे बघून म्हणाला, "इट्स ओके, सर." आणि आत जाऊन सासऱ्यांना सांगितलं, "एक वायर सैल होती मामा. सरांचं बरोबर होतं."

"बघ," मामा म्हणाले, "शिकून घे यांच्याकडून."

पानावर बसलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेवटी सगळ्यांदेखत बोलून टाकलं, "मामा, प्रसन्नाचं काम पहिल्या दिवसापासून चोख आहे. आवाज माझ्या चार्जरचा होता. चूक सगळी माझी."

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "केवढं मन हे. आमच्या जावयाची अब्रू राखायला दोष स्वतःवर घेतां."

शपथा घेतल्या. मानेनात. हाताला धरून गाडीत नेलं, चार्जर लावून दाखवला, काढून दाखवला. फोनसुद्धा खिशात घातला. मामा डोळे मिटून ऐकत राहिले.

"येतो अजून," ते म्हणाले.

"मामा, आता काहीसुद्धा नाही."

"आहे. बारीक आहे. तुम्हीच तर शिकवलंत मज ऐकायला."

तेव्हापासून प्रसन्ना सासुरवाडीला आला की आधी डॅशबोर्डखाली जातो आणि मी शेजारी टॉर्च धरून उभा राहतो. नाही कसं म्हणणार? परवा त्यांचे कुणी पाहुणे आले होते. मामांनी मला मुद्दाम वरून बोलावून घेतलं आणि मोठ्या अभिमानानं ओळख करून दिली, "हे आमचे भाडेकरू, आवाजातले मोठे जाणकार. हे नसते तर आमच्या गाडीत आवाज आहे हे मज जन्मभर कळलं नसतं."