दृष्ट आणि फावडं

सकाळी उठल्यावर लोक तळहात बघतात. मी घोडीची लीद बघते. पर्यटकांना घोड्यावरून फिरवणाऱ्या आमच्या डोंगरावरच्या गावात यावरून माझी भरपूर थट्टा होते. होऊ दे.

परवा शेजारच्या काकू तबेल्यात डोकावल्या. घोडीच्या बरगड्या दिसत होत्या आणि पोट मात्र घागरीसारखं सुटलं होतं.

"दृष्ट लागलीय गं तिला. मीठमोहऱ्या ओवाळून टाक."

"जंत झालेत, काकू. औषध दिलंय. आधी ते पडू देत."

"आमच्या घरात घोड्याला कधी असलं काही झालं नाही," म्हणत त्या रागाने निघून गेल्या.

दृष्ट हा शब्द किती सोयीचा आहे. दृष्ट लागली म्हटलं की दोष दुसऱ्याच्या डोळ्यांवर जातो. जंत झाले म्हटलं की आपल्याला फावडं उचलावं लागतं. मी उचलते. रोज लीद काढून लांबच्या खड्ड्यात टाकते, गवत जमिनीवर न पसरता गव्हाणीत घालते. घोडीला आधी पोटभर गवत आणि मगच मूठ-दोन मूठ दाण्याची चंदी. मिरवण्यासारखं यात काही नाही, म्हणूनच कुणाला ते पटत नाही.

आज काकू स्वतःच मुठीत मीठमोहऱ्या घेऊन आल्या. मी अडवलं नाही. त्या ओवाळत असतानाच घोडीने शेपूट उचललं. काकू नाकाला पदर लावून मागे सरल्या आणि पदराआडून हळूच म्हणाल्या, "पडले का गं?"

"वाकून बघा," मी म्हटलं.