मिठागर कंपनीचा वकील

रामचंद्र म्हात्रे वकील झाले तेव्हा सगुणाला वाटलं होतं, आता घरबसल्या जगाच्या गोष्टी ऐकायला मिळणार. झालं उलटंच. पेणच्या घरी पक्षकार आला की ते उठून मधलं दार लोटून घेत. पक्षकाराच्या मेहुण्यालासुद्धा बाहेर बाकावर बसवत. एरवी माणूस मऊ. सगुणाला ताप आला तर स्वतः पेज करून भरवणारा.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. कोजागरीच्या उधाणाला मिठागराची उघाडी, म्हणजे बांधातली झडप, उघडीच राहिली. बांध खचला आणि सगुणाच्या माहेरगावच्या तयार भातात खारं पाणी शिरलं. गावानं मिठागर कंपनीवर दावा लावला. कंपनीचे वकील रामचंद्र. ती आपली सासुरवाडी आहे, हे त्यांनी संचालकांना आधीच सांगितलं. तरी संचालकांना वकील तेच हवे होते.

एका सकाळी उघाडीचा राखणदार बुधाजी आला. सगुणाचा चुलतभाऊ. ओटीवर टेकता टेकताच म्हणाला, "दाजी, त्या रातीचं समदं तुमाला सांगून टाकतो."

रामचंद्रांनी हात वर केला. "थांब. मी कंपनीचा वकील हाय, तुझा न्हाय. तू सांगशील ते मला कंपनीला सांगावं लागेल. उद्या कंपनी तुझ्यावरच उलटली, तर मला तुझ्या बाजूनं उभं राहता येणार न्हाय. आधी तुझा वेगळा वकील गाठ."

"घरचा मानूस असून असं बोलता?"

"परका असता तरी हेच सांगितलं असतं. चहा घेऊन जा."

बुधाजी चहा न घेताच गेला. सगुणा त्या दिवशी नवऱ्याशी बोललीच नाही.

मग मिठागराचा मॅनेजर आला. दार बराच वेळ बंद होतं. तो बाहेर पडला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काय म्हणाला?" सगुणानं विचारलं.

"भूक लागलीय गं."

कोर्टात गावाच्या वकिलानं रामचंद्रांना नेमकं तेच विचारलं, मॅनेजर काय म्हणाला. रामचंद्र म्हणाले, "ते कंपनीनं आपल्या वकिलाला सांगितलेलं आहे. कंपनीच्या संमतीशिवाय मला बोलता येणार नाही." न्यायाधीशांनी ते मानलं. सगुणाचा भाऊ धर्मा कोर्टातून तडक निघून गेला; बहिणीच्या दारातही आला नाही.

पुढं काय झालं ते सगुणाला गावाबरोबरच कळलं. मिठागरं लवकर भरावीत म्हणून उघाडी उघडी ठेवायचा हुकूम मॅनेजरनंच दिला होता. हे संचालकांपासून लपवा, असं तो रामचंद्रांना विनवत होता. त्यांनी त्याला बजावलं होतं, "माझा पक्षकार कंपनी, तुम्ही नाही. बाहेर ब्र काढणार नाही, पण संचालकांना सांगणारच." संचालकांनी सगळं ऐकलं, आपसात भांडले, आणि शेवटी कोर्टात खरं सांगायची मोकळीक दिली. कंपनीनं चूक कबूल केली, भरपाई दिली, बांध नव्यानं घातला. मॅनेजरची नोकरी गेली. बुधाजी उघाडीवर राहिला.

"तुमाला तवापासून ठाऊक होतं?" त्या संध्याकाळी सगुणानं विचारलं.

"व्हय."

"आनि माझा भाऊ माझ्याशी बोलंना, तरी मला एक शबूद न्हाय?"

"तुला सांगितलं असतं, तर तू धर्माला सांगितलं नसतंस?"

सगुणानं खरंच विचार केला. "सांगितलंच असतं," ती म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं, की तव्यावरची भाकरी करपली. रामचंद्रांनी ती करपलेली भाकरी आपल्या ताटात ओढली आणि निमूटपणे खाल्ली.