सर्जरीला नेलेली खिचडी

आमच्या हिला इंग्लंडात केअर होममध्ये नोकरी लागली आणि तिच्या मागनं मीपण आलो, हँडबॅगेसारखा. मिल्टन कीन्सच्या शेजारचं जुनं गाव. मी सातवी दोनदा केलेली, तिसऱ्यांदा शाळेनंच हात जोडले. इंग्रजी म्हणजे येस, थँक्यू आणि हसणं.

हिची ड्युटी संध्याकाळी सुटायची. वाटेत रस्त्याखालचा बोगदा, आतला दिवा बंद. एकदा मागनं कुणीतरी पळत आलं, ही रडतच घरी पोचली.

"अहो, कुणाला तरी सांगा दिव्याचं. मला नाही जमायचं तिथनं रोज."

शेजारी पुण्याचा कॉम्प्युटरवाला राहायचा. त्याला विचारलं, तर गाडीची काच खाली करून म्हणाला, "भाऊ, शनिवारी लायब्ररीत कौन्सिलर बाईंची सर्जरी आहे. तिथंच भेटा," आणि गेला.

मी म्हटलं, अरेरे, नगरसेविकेचं ऑपरेशन! लायब्ररीत कसं, हे डोक्यात आलं होतं. पण आमच्या गावाला मोतीबिंदूचं शिबिर शाळेतच भरायचं, तसं असेल. आता आजारी बाईला भेटायला रिकाम्या हातानं कसं जायचं? मऊ मुगाची खिचडी केली, हिच्या माहेरच्या डब्यात भरली, वर चार सफरचंदं घेतली.

लायब्ररीच्या भिंतीवर गावच्या जुन्या मेयरांचे फोटो, गळ्यात जाड सोन्याच्या साखळ्या. एकालाही हार नाही, म्हणजे सगळे हयात असणार, असं धरून मी नमस्कार केला. कोपऱ्यात बाई टेबलाशी बसलेल्या, ठणठणीत. समोर रांग. माझा नंबर आला तसा डबा पुढं ठेवला आणि पोटावर हात फिरवून विचारलं, "मॅडम, ऑपरेशन ओके? पेन?"

बाई बघतच राहिल्या. मागं कुणीतरी फिसकन हसलं. रांगेतल्या एक गुजराती मावशी कानाशी येऊन म्हणाल्या, "भाईसाब, ये लोग शिकायत सुनने बैठते हैं, उसको सर्जरी बोलते हैं."

कान असे तापले की त्यावर खिचडी गरम झाली असती. बाईंनी मात्र हसू दाबून विचारलं, काय काम होतं? मी म्हटलं, "येस. थँक्यू." हसलो आणि पळालो.

घरी हिनं विचारलं, "सांगितलं दिव्याचं?"

"गर्दी होती गं."

"डबा कुठाय?"

मग सगळं सांगावं लागलं. मला वाटलं पोट धरून हसेल. ती हसली नाही. "मी जीव मुठीत धरून येते त्या अंधारातनं. आणि तुम्हाला 'लाईट' एवढं म्हणता आलं नाही?"

लायब्ररीतली लाज काहीच नव्हती. हिचं बोलणं लागलं.

त्या दिवसापासनं मी रोज टॉर्च घेऊन बोगद्याच्या तोंडाशी उभा राहायचो. ती यायची, टॉर्चच्या उजेडात पुढं चालायची, बोलायची नाही.

पुढच्या सर्जरीला तीच गेली. दिव्याचं सांगितलं, डबा घेऊन आली. घासलेला, आत केक. म्हणाली, "बाई विचारत होत्या, मिस्टरांची तब्येत आता कशी आहे?"

मी केक खाल्ला, खाली बघून.

दिवा लागला पुढं. चांगला लख्ख. तरी मी टॉर्च घेऊन जातोच. आता ती म्हणते, "अहो, बंद करा ती, लोक बघतात."