विमलताई आणि मूर आडनावाची तीन खोकी

विमलताईंनी माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्याच हातात दिलं.

"हे कोण?"

"मूर. ओहायोचे सिनेटर."

"आणि हे?" त्यांनी दुसरं कार्ड पुढे केलं.

"मूर. ओहायोचेच. म्हणजे तेच असावेत."

"असावेत?"

मी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली. दोघांच्या जन्मसालांत चाळीस वर्षांचं अंतर होतं. ताईंनी ते बोट ठेवून दाखवलं नाही. माझ्या लक्षात येईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "कुलकर्णी, इथे तीन खोकी मूर आहेत. आधी चहा घ्या."

क्रॉयडनमधल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, नोकरीच्या पहिल्या दिवशी, विमलताई कांबळे यांची आणि माझी अशी ओळख झाली. खाली ट्राम सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पुण्याहून साहित्यात एम. ए. करून आलो होतो आणि मला कुठलंच काम नीट येत नव्हतं.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावं, असा फोन त्यांची मुलगी गौतमी हिने केला. ती म्हणाली, "काका, आईची व्हॅल्यूज लिहा. आणि एक फनी गोष्ट, तुमचा ऑफिसमधला. पण खूप सॅड नको हं, प्लीज." तिन्हींपैकी पहिली गोष्ट मला नीट जमणार नाही. ताईंची मूल्यं कोणती, हे मी सात वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसूनही सांगू शकत नाही. त्या ती कधी बोलून दाखवत नाहीत. मला त्यांचं काम माहीत आहे आणि एक दुपार माहीत आहे. त्या दुपारचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही.

आधी काम. आमची संस्था ग्रंथालयांसाठी संदर्भग्रंथ काढत असे. अमेरिकेतल्या राजकारणी व्यक्तींचा एक मोठा कोश चालू होता आणि त्याची मांडणी आडनावांनुसार होती. एका आडनावाखाली त्या आडनावाचे सगळे: सिनेटर, गव्हर्नर, महापौर, एकदाच निवडून येऊन विसरले गेलेले. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाचा पुतण्या आणि कोण कुणाचाच कुणी नाही, हे सांगणं हा त्या कोशाचा मुख्य उपयोग. नात्यांची जबाबदारी ताईंकडे होती. संगणक होते, पण ताई आधी कार्डावर पेन्सिलीने लिहीत. तपासलेल्या प्रत्येक नोंदीशेजारी त्या एक बारीक खूण करत. ती खूण असली की मुख्य संपादक रॉजर पुढे काही वाचत नसत. अमेरिका आम्हा दोघांनीही पाहिलेली नव्हती.

ताईंच्या आस्थेबद्दल बाकीचे लेखक लिहितीलच. इथल्या धम्मवर्गात, मराठीच्या रविवारच्या शाळेत त्यांनी केलेलं काम आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मी माझ्यापुरतं सांगतो. पहिल्या थंडीत माझ्याजवळ धड कोट नव्हता. एका शनिवारी त्या मला वेम्बलीला घेऊन गेल्या. कोट घेतला, ज्वारीचं पीठ घेतलं. दुकानात एक मराठी गृहस्थ भेटले. माझं आडनाव ऐकून त्यांनी पुण्यात कुठे राहता एवढंच विचारलं. ताईंचं ऐकून म्हणाले, "कांबळे म्हणजे कुठले?"

"क्रॉयडनचे," ताई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे मूळचे?"

"ट्राममधून उतरलं की डावीकडे."

मी मोठ्याने हसलो. ताई हसल्या नाहीत. त्या पिठाच्या पिशवीवरची तारीख वाचत होत्या. तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला.

आता ती दुपार. मूर आडनावाची पानं बसवून झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात जायची होती. कच्च्या नोंदी आम्ही, पत्ता मिळाला तर, त्या त्या घराण्यातल्या कुणाला तरी वाचायला पाठवत असू. बहुतेक जण उत्तर देत नसत. त्या दिवशी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका राज्यातून पत्र आलं. लिहिणाऱ्या बाई मिस मूर, निवृत्त शिक्षिका, ऐंशी ओलांडलेल्या. पत्र थोडक्यात असं होतं:

तुमच्या कोशात माझे पणजोबा सॅम्युअल इनॉक मूर यांची नोंद आहे. ते यादवी युद्धानंतर आमच्या राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. त्याआधी ते सिनेटर इनॉक मूर यांच्या मळ्यावर गुलाम होते. तुम्ही त्यांना इनॉक मूर यांचे पुत्र म्हटलं आहे. हा प्रश्न आमच्या घरात चार पिढ्या आहे. माझ्या आजोबांनी तो विचारायला बंदी केली होती. तुमच्याकडे कागद असेल तर मला प्रत पाठवा. नसेल तर ते वाक्य काढा. माझं वय पाहता उशीर करू नका.

ताईंनी पत्र वाचून मला दिलं. मी वाचलं. सॅम्युअल मूर गुलाम होते हे मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर विधिमंडळाची जुनी यादी होती. तिच्यात नाव, परगणा आणि मुदत एवढंच होतं.

"कागद?" ताईंनी विचारलं.

"कागद नाही."

"मग पुत्र कशावरून?"

मला आठवेना. खरंच आठवेना. मी कार्ड शोधून काढलं. अक्षर माझंच होतं. सॅम्युअल इनॉक मूर. त्याच राज्यात तीस वर्षं आधी इनॉक मूर. मी कार्डाकडे पाहत राहिलो आणि हळूहळू लक्षात आलं.

"मधलं नाव," मी म्हणालो. "मधलं नाव इनॉक आहे."

"बरं?"

"म्हणजे वडील इनॉक."

अमेरिकेत मधलं नाव कुणाचंही असू शकतं. पाद्र्याचं, मामाचं, आईबापांना आवडलेलं. हे मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात ताईंनी सांगितलं होतं. तरीही हात लिहून गेला होता. शाळेच्या हजेरीपटापासून पासपोर्टापर्यंत मी स्वतःला तसंच लिहीत आलो होतो.

"तुम्हाला बाप फार लवकर सापडतो, कुलकर्णी," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं आणि त्याच स्वरात सांगितलं की त्यांच्या गावच्या शाळेत, त्यांच्या वस्तीतून आलेल्या प्रत्येक पोरापुढे मास्तरांनी कांबळे लिहिलं होतं. वस्तीतली तीन घरं कांबळे नव्हतीच. त्यांतलं एक त्यांचं. "वडील सांगायला गेले होते. मास्तर म्हणाले, एकच लिहिलं की हाक मारायला सोपं."

"मग तुमचं खरं आडनाव?"

"आता हेच खरं. याच नावावर शिकले, याच नावावर इथे आले." त्यांनी पेन्सिलीचा भुगा कागदावर गोळा केला. "पण कुणी मला दुसऱ्या कांबळ्यांची मुलगी म्हणालं, तर मी कागद मागेन."

आम्ही रॉजर यांच्याकडे गेलो. त्यांची अडचण वेगळी होती. पानं पक्की झाली होती. एक ओळ काढली तर पुढचं सगळं सरकणार आणि सूचीतले पानांचे आकडे चुकणार. ते म्हणाले, "पुत्र शब्दाआधी 'बहुधा' घाला. ओळीत बसतं. आणि खरं सांगू? बहुधा ते खरंही असेल."

हे मलाही वाटत होतं. मी ताईंकडे पाहिलं नाही.

"असेल," ताई म्हणाल्या. "पण ते आम्हाला माहीत नाही. आम्ही चूक केली आहे. बहुधा चूक केली, असं नाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही," ताई म्हणाल्या. "मला त्याच लांबीची दुसरी ओळ आणू द्या."

दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळ. पत्रावर फोन नंबर होता. ताईंनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी ऐकावं म्हणून की लिहून घ्यावं म्हणून, मला कळलं नाही. बोलणं इंग्रजीत झालं. आठवतं तसं देतो.

"मिस मूर, आमच्याकडे कागद नाही."

"मग तुम्ही लिहिलंत कशावरून?"

"आमच्या देशात माणसाचं मधलं नाव त्याच्या वडिलांचं असतं. तुमच्या पणजोबांचं नाव आम्ही तसं वाचलं."

"सगळ्यांचं तसंच असतं?"

"जवळजवळ. बाईचं लग्नानंतर नवऱ्याचं."

"मग असले प्रश्न तुम्हा लोकांना पडतच नसतील."

"पडतात. वेगळे पडतात."

मिस मूर म्हणाल्या, "पत्र टाकल्यापासून मी रोज दोनदा टपालपेटी बघते आहे. तुम्ही नाही म्हणालात तर सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. आता तुम्ही नाही म्हणता आहात, आणि मला कळत नाही मला काय वाटतं आहे."

ताई म्हणाल्या, "मलाही कळत नाही."

मी त्यांच्या तोंडून हे वाक्य त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही ऐकलेलं नाही.

मग ताईंनी विचारलं की त्या वाक्याच्या जागी काय लिहू. मिस मूर हसल्या. कोश तुम्ही करता आणि मला विचारता, म्हणाल्या. "ज्याचा कागद तुमच्यापाशी आहे ते सांगा," ताई म्हणाल्या. मिस मूर यांनी थोडा विचार केला. घरात एक बायबल होतं. सॅम्युअल मूर एकतिसाव्या वर्षी लिहायला शिकले आणि त्या बायबलच्या कोऱ्या पानावर त्यांनी आपलं नाव लिहिलं, खाली साल घातलं. तिन्ही शब्द लिहिले. मधला का ठेवला, ते कुणालाच माहीत नाही.

ओळ अशी झाली: एकतिसाव्या वर्षी लिहायला शिकले, आपलं नाव तिन्ही शब्दांत लिहीत. लांबी बरोबर बसली. पाच वाजेपर्यंत आम्ही दोघांनी उरलेल्या मूरांची नाती परत तपासली. आणखी दोन बाप खोडावे लागले. दोन्ही माझेच.

निघताना मी ताईंना म्हणालो, "रॉजरसमोर तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत." त्यांनी खोक्यातून सॅम्युअल मूर यांचं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. 'पुत्र' या शब्दाशेजारी पेन्सिलीची बारीक खूण होती. त्यांची. त्यांनी ते वाचलं होतं, कागद मागितला नव्हता आणि पुढे पाठवलं होतं.

"तुमच्याही लक्षात आलं नाही?"

"मीही तिथलीच ना," त्या म्हणाल्या आणि कोट घालू लागल्या.

मला हे कोडं अजून सुटलेलं नाही. ज्या बाईला दुसऱ्याने दिलेलं आडनाव आयुष्यभर चालवावं लागलं, तिच्याही पेन्सिलीने मधल्या नावात बाप पाहिला. आणि पाहिला हे त्यांनी लपवलं नाही. ते कार्ड खोक्यात खाली सारून ठेवणं सोपं होतं. मी विचारलंही नसतं. मूल्यं म्हणतात ती हीच का, ते गौतमीने ठरवावं. फनी गोष्ट वेम्बलीची आहे, ती वर आली आहे.

त्या दिवसापासून मी कागद मागतो. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या बोलण्यांत, नात्यातल्या मंडळींकडे. लोकांना त्याचा त्रास होतो. ही सवय ताईंची. मी तिचा त्यांच्याइतका शांतपणे उपयोग करू शकत नाही.

विमलताई आता साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचे डोळे बारीक अक्षरासाठी असेच तयार राहोत, गुडघे ट्रामच्या थांब्यापर्यंत पुरोत, आणि पेन्सिलीला टोक करताना त्या जे सांगतात ते ऐकायला आम्हाला अजून पुष्कळ वर्षं मिळोत. त्या शंभर वर्षं जगल्या तर जन्माचा दाखला मी स्वतः मागेन, आणि त्याचा त्यांना आनंदच होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानं छापखान्यात गेली. ताई नेहमीच्या ट्रामने आल्या. फॅक्सच्या यंत्रात रात्री आलेला एक कागद होता: बायबलच्या पानाची प्रत. अक्षर मोठं होतं आणि ओळ उजवीकडे चढत गेली होती. ताईंनी तो माझ्या हातात दिला आणि मी वाचेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी सॅम्युअल मूर यांच्या कार्डावरची आपली खूण खोडरबराने पुसली, कागद कार्डाला टाचला, पुन्हा खूण केली आणि मला पुढच्या आडनावाचं खोकं आणायला सांगितलं.