वायपरचा रेनकोट

आमच्या घरात नवी वस्तू वापरायची नसते, जपायची असते. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला वरून रबरबँड, आणि त्यातून आवाजाचं बटण सापडेपर्यंत बातम्या संपलेल्या! सोफ्याचं दुकानातलं प्लॅस्टिक तर आम्ही तीन वर्षं काढलं नव्हतं. उन्हाळ्यात पाहुणा उठला की सोफाही थोडा त्याच्याबरोबर उठायचा.

ते प्लॅस्टिक शेवटी माझ्या काकांनी फाडलं. ठाण्याहून ठाकुर्लीला आमच्याकडे आले, बसले, घामाघूम झाले आणि टर्रकन ओढलंच! "दादा, वापर की रे वस्तू! वर घेऊन जाणारेस का?" बाबांनी उत्तर दिलं नाही. तेव्हा दिलं नाही आणि पुढे अकरा वर्षं दिलं नाही. लोकांची भाऊबंदकी जमिनीवरून होते, आमची सोफ्याच्या कव्हरवरून झाली.

मग एका श्रावणात काकूचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला काकांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, खोपटला, एस.टी. डेपोमागच्या हॉस्पिटलात. डॉक्टर फारशी आशा दाखवत नव्हते. "आत नेण्याआधी दादांना भेटायचं म्हणतायत," एवढं बोलून काकू रडायलाच लागली.

बाबांनी उठून छत्री दाराशी आणून ठेवली. मग म्हणाले, "उद्या गाडी काढ."

गाडी काढायला हरकत नव्हती, पण वायपरचं रबर फाटून लोंबत होतं आणि बाहेर आभाळ फाटलं होतं. मी तडक डोंबिवलीला जाऊन नवे ब्लेड आणले. दुकानदार म्हणाला, "बसवून देऊ, साहेब?"

"नको, जमतं मला!" (मला घरातला बल्ब बदलणंसुद्धा जमत नाही.)

पाऊण तास झटून मी ब्लेड बसवले. बायको छत्री धरून उभी होती.

"अहो, रबरावर ही काळी पट्टी कसली? काढायची नसते का?"

"असू दे. रबर टिकतं त्यानं."

शेवटी मी बाबांचाच मुलगा!

सकाळी साडेआठला निघालो. बाबा पुढे बसले, मांडीवर छत्री; बायको मागे. शीळफाट्यापर्यंत भुरभुर होती, पुढे धो धो सुरू झाला. मी ऐटीत वायपर लावला. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज झाला आणि होतं तेवढंही दिसेनासं झालं! पाणी पुसलं जातच नव्हतं, डावीकडून उजवीकडे छान सारवलं जात होतं.

"अहो, ती पट्टी..."

"नवे आहेत! बसायला वेळ लागतो थोडा!"

शंभर पावलं गेलो की गाडी थांबवायची. बाबा खाली उतरायचे आणि रुमालानं काच पुसायचे. वय वर्षं चौऱ्याहत्तर! छत्री बगलेत तशीच.

"बाबा, छत्री उघडा ना!"

"तू समोर बघ. साडेनऊ झाले."

मग दहा झाले, सव्वादहा झाले. बाबा सारखं घड्याळ बघत होते आणि मला घाम फुटला होता. मुंब्र्याच्या कोंडीत शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली.

"ओ शेठ! वायपरला रेनकोट घातलाय काय? काढा ना तो!"

उतरलो आणि पट्ट्या ओढल्या. एका झटक्यात निघाल्या! वायपर फिरला आणि काच लख्ख झाली. बायको एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोचलो तेव्हा काकांचं स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी होतं. नर्स म्हणाली, "एकच मिनिट हं, आजोबा."

बाबा ठिबकत उभे होते. शेवटी काकाच बोलले.

"दादा, किती भिजलास रे! छत्री नाही आणलीस?"

"आणलीय ना."

"मग?"

"नवी आहे रे. कव्हरातून काढली नाही अजून."

काका हसले. पोट धरायला हात उचलता येईना, तरी हसले. "तस्साच आहेस," म्हणाले. बाबाही हसले आणि दार बंद झालं.

काका परत आले नाहीत.

तासाभराची भेट व्हायची, तिथं माझ्या शहाणपणानं एक मिनिट उरलं. त्याबद्दल बाबा मला कधीच बोलले नाहीत. म्हणून मीच मला बोलतो, अजूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मशानात पुन्हा कोसळायला लागला. बाबांनी छत्री काढली. कव्हरची चेन अडकली, तर त्यांनी ते कव्हर टर्रकन फाडलं आणि छत्री काकांच्या चेहऱ्यावर धरून उभे राहिले. काका कोरडे राहिले आणि बाबा पुन्हा नखशिखांत भिजले. ती छत्री बाबा मग रोज वापरायचे, काड्या मोडेपर्यंत.

बाबांनाही जाऊन आता काही वर्षं झाली. मी मात्र त्या दिवसापासून सुधारलो. नवे वायपर आणले की पट्ट्या आधी काढतो, दुकानातच, चारचौघांत! टाकवत तेवढ्या नाहीत. घरी आणून माळ्यावर ठेवतो, आणि धूळ बसू नये म्हणून त्यांना एक प्लॅस्टिकची पिशवी घालतो.